तीन प्रती, एकच इमारत

मी, दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं काम करणारी, वय त्रेचाळीस वर्षं, शिक्षण बारावी व एक्स-रेचा दोन वर्षांचा कोर्स, राहणार दवाखान्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, आई व धाकट्या भावासोबत, आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

वर आधी 'मयताची बहीण' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं आहे. माझा भाऊ गेला याबद्दल मला शंका नाही. पण शवागारात दोन मयत आहेत आणि त्यातला माझा भाऊ कोणता हे अजून ठरलेलं नाही. ते ठरत नाही म्हणूनच मला इथे बोलावलं आहे. तोपर्यंत 'बेपत्ता इसमाची बहीण' असं लिहावं, असं मी सांगितलं आणि लिहून घेणाऱ्या हवालदारांनी तसं लिहिलं आहे.

भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. घरात आणि गल्लीत त्याला सगळे भावड्या म्हणतात. तो शहराबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिशियन होता. डेटा सेंटर म्हणजे काय ते एकदा आईने विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "अगं आई, लोकांचे फोटो, कागद, पत्रं सगळं ठेवायचं गोदाम. लोकांना वाटतं ते वर ढगात असतं. ते आमच्या इमारतीत असतं, आणि तिथली लाइट मी बघतो." तेव्हापासून आई शेजारणींना सांगायची की माझा मुलगा सगळ्या शहराचं सामान सांभाळतो. भावड्याने तिला कधी दुरुस्त केलं नाही. त्याला ते आवडत असावं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारं नवीन मशीन आलं. पहिला फोटो कुणाचा तरी काढून बघायचा होता. भावड्या माझा विसरलेला डबा द्यायला आला होता, त्यालाच उभा केला. तो म्हणाला, "फुकट आहे ना? मग दोन काढ." डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "एक दात किडलेला नाही, एक भरलेला नाही, चारही अक्कलदाढा सरळ. हे तोंड मुलांना शिकवायला ठेवावं." त्यावर भावड्या मला म्हणाला, "ऐकलंस ना ताई? अक्कल सरळ आहे माझी, डॉक्टरांनी लिहून दिलं." सदरचा फोटो मी भावाच्या नावाने मशीनमध्ये साठवला. त्या मशीनवरचा तो पहिला फोटो होय.

त्यानंतर काही महिन्यांनी दवाखान्यातला जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. तो कसाबसा चालू झाला, पण डॉक्टरांनी धसका घेतला. सगळे फोटो क्लाउडवर ठेवायचे, दवाखान्यात फक्त चालू महिन्याचे ठेवायचे असं ठरलं. नाव नोंदवताना स्क्रीनवर चार पर्याय आले. ते काही कळेनात, म्हणून डॉक्टरांनी भावड्याला बोलावलं. रविवार होता, दवाखाना बंद होता. आम्ही तिघं पेशंटच्या खुर्च्यांवर चहा घेत बसलो होतो.

पर्याय काय होते ते साहेबांनी विचारलं. भावड्याने जसं समजावलं तसंच सांगते, कारण मला तेवढंच कळलेलं आहे. तो म्हणाला, "डॉक्टर, असं समजा की घराच्या किल्लीच्या तीन प्रती आहेत. पहिला पर्याय, तिन्ही एकाच घरात, तीन वेगळ्या खणांत. दुसरा, त्याच गावात तीन वेगळ्या घरांत. तिसरा, गावात तर ठेवायच्याच, शिवाय परगावच्या मावशीकडेही ठेवायच्या. पण मावशी एरवी दार उघडत नाही. इथलं घर गेलं असं कंपनीने जाहीर केलं, तरच उघडते. चौथ्यात मावशीकडे कधीही जायचं आणि किल्ली बघून यायचं."

डॉक्टर म्हणाले, "माझ्या पेशंटची तोंडं परगावी कशाला? काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" भावड्या म्हणाला, "मग आमच्याच इमारतीत ठेवा. डिस्क गेली, कपाट गेलं, तरी दोन प्रती राहतात. आणि मी आहे ना तिथे. डोळ्यांत तेल घालून बघेन." मीही मान डोलावली. पहिल्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आग, पूर यांसारख्या घटनेत पूर्ण इमारत गेल्यास माहिती जाऊ शकते. ते आम्ही तिघांनीही वाचलं. डॉक्टरांनी माउस भावड्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तूच दाब, हे तुझ्या कामातलं." त्याने दाबलं. घरचा माणूस जिथे आहे तिथे काही होणार नाही असं त्या दिवशी आम्हाला वाटलं.

यंदा भावड्याची बदली बॅटरी रूममध्ये झाली. लाइट गेली तरी सर्व्हर चालू राहावेत म्हणून तिथे रांगेने बॅटऱ्या लावलेल्या असतात. त्या खोलीत तो आणि त्याचा जोडीदार असे दोघं असत. बदली झाल्यावर तो घरी कमी बोलायला लागला. एकदा जेवताना म्हणाला, "ताई, तुमच्या दवाखान्याचं ते बदलून घ्या. मावशीकडे पण प्रत जाऊ दे." मी म्हटलं, "का रे? डोळ्यांतलं तेल संपलं का?" तो हसला नाही. म्हणाला, "कडेच्या रांगेतल्या बॅटऱ्या हाताला गरम लागतात. वास पण येतो. दोनदा सांगितलं सुपरवायझरला." मी म्हटलं, मग तिथून बाहेर पड. तो म्हणाला, "सांगितलंय म्हटलं ना. बघतील ते." आई समोर होती म्हणून मी विषय वाढवला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लगेच स्क्रीन उघडली आणि भावड्याला फोन लावून विचारलं, तिसरा घेऊ की चौथा. फरक काय ते त्याने पुन्हा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तिसऱ्यात प्रत असते, फक्त बघता येत नाही? मग असली म्हणजे झालं. बघायला कोण जातंय?" त्यांनी तिसरा निवडला. विनंती स्वीकारली आहे, दुसऱ्या शहरात प्रती पाठवण्याचं काम टप्प्याटप्प्याने होईल, असा निरोप आला. घरी येऊन मी भावड्याला सांगितलं. तो म्हणाला, "चला, तेवढं तरी झालं."

आग लागली त्या दिवशी दुपारी मी कामावर होते. पेशंट मशीनवर उभा होता. बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला आणि मला डेटा सेंटर हा शब्द ऐकू आला. मी पेशंटला हलू नका असं सांगितलं आणि फोटो काढला. तो फोटो चांगला आला. मग बाहेर येऊन भावड्याला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. दुसऱ्यांदाही वाजली. त्यानंतर फोन लागला नाही.

आतले सगळे बाहेर आले, दोघं आले नाहीत. दोघं बॅटरी रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला सापडले. दोघांची उंची जवळपास सारखी, बूट कंपनीचे, ओळखपत्रं प्लॅस्टिकची. हाडं आणि दातांच्या आतला गर इतका भाजला आहे की रक्ताचं नातं तपासण्याजोगं त्यात काही उरलं नाही, असं लॅबने कळवलं. सरकारी दवाखान्यातले दातांचे डॉक्टर म्हणाले की दातांचा आकार आणि मुळं मात्र शाबूत आहेत. मुळांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, जिवंतपणीचा एक एक्स-रे मिळाला की दहा मिनिटांचं काम आहे. एक ठरला की दुसराही ठरला. जोडीदार जन्मात कधी दातांच्या डॉक्टरकडे गेला नव्हता. मग साहेबांनी मला विचारलं, तुमच्या भावाचा एक्स-रे कुठे आहे? मी म्हटलं, जळालेल्या इमारतीत आहे, तीन प्रतींत.

साहेबांना वाटलं मी चेष्टा करते आहे. ती चेष्टा नव्हती.

दुसऱ्या शहरात प्रती जायला सुरुवात झाली होती, ही गोष्ट आमच्या डॉक्टरांना आठवली. तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला. आम्ही कंपनीला कळवलं. उत्तर आलं की दुसऱ्या शहरातली प्रत सुरक्षित आहे, परंतु आपण निवडलेल्या पर्यायात ती सध्या वाचता येणार नाही. मुख्य ठिकाण कायमचं निकामी झाल्याचं कंपनीने जाहीर केल्यावरच ती खुली होईल. आग सगळ्या शहराने बघितली होती. छप्पर खाली आलेलं टीव्हीवर दाखवत होते. पण इमारत निकामी झाली असं कंपनीने जाहीर केलं नव्हतं, कारण पाहणी चालू होती. आम्ही रोज फोन करायचो. फोनवरची मुलगी रोज नम्रपणे सांगायची की तुमची माहिती सुरक्षित आहे. एकदा माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, "बाई, सुरक्षित आहे ते कळलं. आम्हाला ती बघायची आहे." ती म्हणाली, "मॅडम, त्यासाठी चौथा पर्याय होता."

आमच्या डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे लिहून घ्यावं. ते त्या दिवसापासून दवाखाना उघडतात, आणि पेशंट आले की परत पाठवून पेशंटच्या खुर्चीत स्वतःच बसून राहतात.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीने इमारत निकामी झाल्याचं जाहीर केलं आणि प्रत खुली झाली. कॉम्प्युटरसमोर मी बसले, डॉक्टर मागे उभे राहिले. फोटो दिसायला लागले. आमचेच होते, मी काढलेले. बेकरीवाल्याचा पुढे आलेला सुळा, शाळेतल्या बाईंची तुटलेली दाढ, बसड्रायव्हरच्या दातांचा ब्रिज. मी खाली खाली जात राहिले. सात महिन्यांपूर्वीच्या फोटोपर्यंत गेले आणि तिथे यादी संपली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं. कंपनीला विचारलं तेव्हा कळलं की प्रती पाठवताना ताजे फोटो आधी जातात आणि जुने मागून, कारण लोकांना ताजे जास्त लागतात. भावड्याचा फोटो मशीनवर सगळ्यात आधी काढलेला, म्हणून रांगेत सगळ्यात शेवटी होता. त्याच्या नंबरापर्यंत काम पोहोचलं नाही.

यानंतर सरकारी दवाखान्यात मला दोन्ही मयतांचे एक्स-रे दाखवण्यात आले. तुम्ही हेच काम करता, भावाचा फोटो तुम्हीच काढला, तर पाहून काही आठवतं का, असं विचारलं. मी दोन्ही फोटो उजेडावर धरून खूप वेळ पाहिले. एक फोटो वाकडा काढलेला होता, हे मी तिथल्या माणसाला सांगितलं. गेल्या वीस वर्षांत मी हजारो तोंडं पाहिली आहेत आणि त्यातली शेकडो मला रस्त्यात आठवतात. माणसाचा चेहरा विसरते, पण वाकडी मुळं, गळू, अर्धवट आलेली दाढ विसरत नाही. भावड्याच्या तोंडात तसलं काहीच नव्हतं. दोन्ही मयतांच्या तोंडात पूर्ण दात आहेत, एकही भरलेला नाही, दाढा सरळ आहेत. माझ्या लक्षात फक्त डॉक्टरांचं बोलणं राहिलं. फोटो राहिला नाही.

सरकारी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली. इलेक्ट्रिशियन लोक वायर दातांनी सोलतात, त्यामुळे पुढच्या दातांना बारीक खाच पडते, तशी भावाला होती का? नव्हती. मी पडू दिली नाही. तो काम शिकत होता तेव्हा एकदा दाताने वायर सोलताना मला दिसला. मी त्याला फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वायर सोलायची पक्कड आणून हातात ठेवली. पुन्हा वायर तोंडात घातलीस तर दात मीच पाडीन, असं सांगितलं. त्यानंतर त्याने कधी घातली नाही. दोन्ही मयतांच्या दातांना खाच नाही. जोडीदाराच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्या ह्यांना पण तुमच्या भावानेच पक्कड घेऊन दिली होती. ताईला कळलं तर दात पाडेल म्हणून हसायचे दोघं." त्याला मी ओरडले नसते तर तो आज ओळखू आला असता. हे वाक्य तपासाच्या कामाचं नाही, असं हवालदार म्हणाले. तरी ते ठेवावं.

जोडीदाराची बायको शिवणकाम करते. वय पंचवीसच्या आत असेल. ती माझ्यासोबत रोज ठाण्याच्या बाकावर बसते, आताही बाहेर बसली आहे. काल तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोट दाखवा. तुम्ही ज्याला भाऊ म्हणाल तो तुमचा. उरलेला माझा. मी कधी भांडायला येणार नाही." मला ते जमलं नाही. मी बोट दाखवलं असतं तर कुणीही अडवलं नसतं, हे मला माहीत आहे. पण तिच्या नवऱ्याला 'उरलेला' करायचा हक्क मला नाही, आणि माझ्या भावालाही मी 'उरलेला' करू शकत नाही. आम्ही दोघींनी अर्ज केला की दोघांनाही दोन्ही घरांच्या ताब्यात एकत्र द्यावं, आम्ही मिळून सगळं करू. साहेबांनी अर्ज नीट वाचला. ते चांगल्या शब्दांत बोलले. पण एका मयताचा ताबा एकाच कुटुंबाला मिळतो, असं त्यांनी सांगितलं.

आईला मी अजून शवागारात नेलेलं नाही. ती रोज तयार होऊन दारात बसते. म्हणते, "मला ने. मी ओळखते. पहिला दात आला तेव्हा मलाच चावला होता तो. मी नाही ओळखणार?" मी तिला उद्या नेते असं सांगते. असं सांगून वेळ मारून नेणं आता मला जड जातं.

माझी तक्रार कुणाविरुद्ध आहे, असं विचारलं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना साहेबांनी माझ्यासमोर विचारलं होतं की बॅटऱ्या गरम होत असल्याची तक्रार आली होती का. त्यांनी तशी नोंद नाही असं सांगितलं. नोंदी कुठे ठेवल्या जात, असं मी विचारलं. त्यावर ते साहेबांकडे बघू लागले. भावाने दोनदा सांगितलं होतं, हे त्याने मला स्वतः सांगितलेलं आहे, आणि त्याचा साक्षीदार जोडीदार होता. फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. पर्याय समोर होते, धोका लिहिलेला होता, आम्ही वाचलेला होता. तक्रार कुणाविरुद्ध करावी ते मला समजत नाही. ती जागा कोरी ठेवावी.

भावाच्या ओळखीची आणखी काही खूण सांगता येईल का, असं शेवटी विचारलं. डाव्या भुवईत लहानपणी पडल्याचा व्रण होता. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख चिरलेलं होतं. या खुणा आता उपयोगाच्या नाहीत. हसताना तो मान मागे टाकायचा आणि वरची दाढसुद्धा दिसायची. कुलूप लावताना शीळ घालायचा. मोबाइलमध्ये त्याचे फोटो आहेत, पण त्यात दिसतात ते पुढचे चार-सहा दात, आणि तेवढ्यावरून सांगता येत नाही असं सरकारी डॉक्टरांचं मत आहे. ओळख पटली की पटली नाही, यांपैकी एकावर खूण करायची होती. मी 'पटली नाही' यावर केली आहे.

हा सगळा मजकूर हवालदारांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. शीळ घालण्याचं गाळलं होतं, ते मी पुन्हा लिहायला लावलं. बाकी मी बोलले तसंच उतरलेलं आहे आणि ते खरं आहे.

या जबाबाच्या किती प्रती निघतात, असं मी विचारलं. हवालदार म्हणाले, तीन. तिन्ही कुठे राहतील, असं विचारलं. त्यांनी खिडकीशेजारच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं. एक तरी प्रत दुसरीकडे ठेवा, अशी मी विनंती केली. तशी पद्धत नाही असं सांगण्यात आलं.

तिन्ही प्रतींवर सही केली आहे.